पीएच.डी.चा प्रबंध लिहून झाला. आता पदवी हातात येईपर्यंत काय काय करावं?

शेवटचं प्रकरण गाईडनी वाचून परत दिलं की वाटतं, झालं एकदाचं. विद्यापीठाच्या दप्तरी मात्र तेव्हा काहीच झालेलं नसतं. प्री-सबमिशन (प्रबंध देण्याआधीचं) सादरीकरण, सिनॉप्सिस (प्रबंधाचा सारांश), साहित्यचौर्याची तपासणी, सबमिशन, बाह्य परीक्षकांचे अहवाल, व्हायव्हा (तोंडी परीक्षा), नोटिफिकेशन (पदवी जाहीर करणारी विद्यापीठाची अधिसूचना) आणि मग पदवी, एवढं सगळं पुढे असतं. या टप्प्यावर रखडणारे बरेच जण संशोधन कच्चं म्हणून रखडत नाहीत. एखादी तारीख उलटून गेलेली असते, नाहीतर एखादा कागद सापडत नसतो. वर्षानुवर्षं राबून केलेलं काम एका सहीपायी थांबलं की फार वाईट वाटतं. म्हणून ही वाट जरा तपशिलात सांगतो.

आधी पाहा, तुम्हाला नियम कोणते लागू आहेत

विद्यापीठ अनुदान आयोगाची सध्याची पीएच.डी. नियमावली ७ नोव्हेंबर २०२२ला अधिसूचित झाली. त्याआधी नोंदणी झालेल्यांना त्यांच्या नोंदणीच्या काळातली नियमावली लागू राहते, म्हणजे २००९ची किंवा २०१६ची. हा फरक किरकोळ नाही. २०१६च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी तज्ज्ञांकडून लेख तपासून घेणाऱ्या (रेफरीड) नियतकालिकात किमान एक शोधनिबंध छापून येणं आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणं करणं सक्तीचं होतं. २०२२च्या नियमावलीने ही सक्ती काढली. कोर्सवर्कचंही तसंच आहे. जुन्या नियमांत किमान ८ श्रेयांक (क्रेडिट) चालायचे, आता किमान १२ लागतात आणि त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा अभ्यासक्रम असावा लागतो. कोर्सवर्कमध्ये ५५ टक्के गुण हवेत.

त्यामुळे एकाच गाईडकडच्या दोन विद्यार्थ्यांचे नियम वेगळे असू शकतात. सीनियरने काय केलं ते जरूर विचारा, पण त्यावर विसंबू नका. आपलं नोंदणीपत्र काढा, त्यावरची तारीख पाहा आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून पीएच.डी.चा अध्यादेश उतरवून घ्या. आयोगाची नियमावली ही किमान अट असते. विद्यापीठ त्याहून कडक नियम करू शकतं, आणि बरीच विद्यापीठं करतातही. शोधनिबंधाची अट आयोगाने काढली तरी तुमच्या विद्यापीठाने ठेवली असेल, तर ती पाळावीच लागते.

मुदत उलटी मोजा

पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात, कोर्सवर्क धरून. २०२२च्या नियमांनुसार कमाल मुदत प्रवेशाच्या तारखेपासून सहा वर्षं आहे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात, पण एकूण आठ वर्षांच्या वर नाही. महिला संशोधक आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेले संशोधक यांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, त्यांची कमाल मर्यादा दहा वर्षं. महिला संशोधकांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजाही मिळू शकते.

यातली कुठलीच वाढ आपोआप मिळते असं धरून चालू नका. मुदत संपण्याआधी अर्ज करायचा, गाईडची आणि संशोधन केंद्राच्या प्रमुखांची शिफारस जोडायची, आणि मंजुरीचं पत्र लेखी हातात घ्यायचं. ‘मॅडम म्हणाल्या होईल’ एवढ्यावर थांबू नका. मॅडमची बदली होते, फाईल तिथेच राहते.

कॅलेंडरवर मुदतीची शेवटची तारीख लिहा आणि तिथून मागे या. प्रबंधाआधी सिनॉप्सिस द्यावा लागतो आणि दोन्हींमध्ये किती अंतर हवं, हे प्रत्येक विद्यापीठ ठरवतं. त्याच्याआधी प्री-सबमिशन सादरीकरण, त्याच्याआधी तुमच्या संशोधन सल्लागार समितीची बैठक. समितीतले सगळे जण एकाच दिवशी मोकळे सापडणं सोपं नसतं, परीक्षांच्या हंगामात तर नाहीच. माझं मत विचाराल तर शेवटच्या तारखेआधी पूर्ण एक वर्ष ही मोजणी करून ठेवा.

फाईल आत्ताच पूर्ण करा

संशोधन सल्लागार समितीपुढे दर सहा महिन्यांनी प्रगती मांडायची आणि अहवाल द्यायचा असतो. मधल्या काळात एखादा अहवाल राहून जातो आणि कुणी विचारत नाही. तो आठवतो थेट सबमिशनच्या दिवशी, कारण तिथला कारकून सगळे अहवाल क्रमाने मोजतो. म्हणून प्रत्येक अहवालाची पोच, कोर्सवर्कची गुणपत्रिका, दरवर्षीच्या शुल्काच्या पावत्या, विषयमंजुरीचं पत्र, मुदतवाढीची पत्रं, गाईड बदलले असतील तर त्याचा आदेश, हे सारं एका फाईलमध्ये लावा आणि स्कॅन करून ईमेलवरही ठेवा.

गाईडच्या निवृत्तीचं वर्षही विचारून ठेवा. २०२२च्या नियमांनुसार निवृत्तीनंतर ते सहमार्गदर्शक म्हणून वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत राहू शकतात, पण मुख्य मार्गदर्शक दुसरे नेमावे लागतात. हा बदल कागदावर झाला नसेल, तर प्रबंधातल्या प्रमाणपत्रावर सही कुणाची घ्यायची, इथूनच गाडं अडतं.

आता शीर्षक. मंजुरीपत्रावर ‘मराठवाड्यातील अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाचा अभ्यास’ आहे आणि प्रबंधाच्या मुखपृष्ठावर ‘मराठवाडा विभागातील अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाचा चिकित्सक अभ्यास’ असं समजा. तुमच्या दृष्टीने अर्थ तोच असेल, कार्यालयाच्या दृष्टीने हे दोन वेगळे विषय आहेत. पाच वर्षांत अभ्यासाची दिशा थोडी सरकते आणि शीर्षक बदलावंसं वाटतं, यात गैर काहीच नाही. फक्त बदल समितीकडून मंजूर करून घ्या, आणि तो सिनॉप्सिसच्या आधी. मंजुरीपत्र, सिनॉप्सिस, मुखपृष्ठ, गाईडचं प्रमाणपत्र, तुमचं प्रतिज्ञापत्र आणि साहित्यचौर्य अहवाल, या सहा ठिकाणी शीर्षक शब्दाला शब्द जुळलं पाहिजे. मंजुरी इंग्रजीत आणि प्रबंध मराठीत असेल, तर मराठी शीर्षकही लेखी मंजूर करून घ्या.

नावाचंही तेच. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, एम.ए.च्या पदवीवर शेवटी, आधारवर मधलं नावच नाही, असं आपल्याकडे सर्रास असतं. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनी तर याकडे विशेष लक्ष द्यावं. नोंदणी माहेरच्या नावाने असेल तर एकतर तेच नाव पदवीपर्यंत ठेवा, नाहीतर राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडून विद्यापीठाच्या दप्तरात नाव आधी बदलून घ्या. पदवी छापून आल्यावर दुरुस्ती करायला गेलात, तर वेगळे अर्ज आणि वेगळे हेलपाटे ठरलेले.

प्री-सबमिशन आणि साहित्यचौर्य तपासणी

प्री-सबमिशन सादरीकरण समितीपुढे होतं आणि ते विभागातले शिक्षक व इतर संशोधक यांना खुलं असतं. इथे मिळालेल्या सूचना प्रबंधात घालायच्या असतात. माझ्या मते सगळ्या प्रवासातली ही सर्वांत उपयोगी बैठक. परीक्षक पुढे ज्या जागी बोट ठेवणार, ती जागा घरचेच लोक इथे दाखवून देतात, आणि सुधारायला वेळही असतो. एका मित्राला फक्त सूचना लिहून घ्यायला बसवा, कारण बोलता बोलता आपल्याला अर्ध्याही आठवत नाहीत. नंतर प्रत्येक सूचनेपुढे ‘काय बदल केला, कोणत्या पानावर’ असा तक्ता करून गाईडना द्या.

साहित्यचौर्याबाबत आयोगाची २०१८ची नियमावली आहे. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर किरकोळ धरतात आणि दंड नसतो. १० ते ४० टक्के आढळलं तर ठरवून दिलेल्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ही मुदत जास्तीत जास्त सहा महिने. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, कायदे, प्रमाणित समीकरणं हे मोजणीतून वगळतात. तुमचा अहवाल काढताना ते खरंच वगळलंय का, हे ग्रंथालयात समोर बसून पाहा.

आकडा खाली आणण्यासाठी नुसते शब्द फिरवू नका. मूळ लेखकाचं म्हणणं आपल्या भाषेत मांडा आणि तिथेच संदर्भ द्या. साम्य बहुतेक वेळा साहित्याच्या आढाव्याच्या प्रकरणात आणि संशोधनपद्धतीच्या व्याख्यांमध्ये साचलेलं असतं, कामाला तिथून लागा. तुमचेच छापून आलेले शोधनिबंध साम्यात दिसत असतील, तर त्या निबंधांची यादी आणि गाईडचं पत्र लागेल का, हे ग्रंथपालांना विचारा.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर तपासणीच्या सॉफ्टवेअरला मराठी म्हणून वाचताच येत नाही. डीटीपीवाल्याला पहिल्याच दिवशी सांगा की प्रबंध युनिकोडमध्ये हवा. नंतर रूपांतर करायला बसलात की जोडाक्षरं आणि रफार तुटतात, आणि चारशे पानं पुन्हा ओळ न् ओळ तपासावी लागतात. पुढे शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाईन संग्रहावर, चढवायलाही शोधता येणारा मजकूरच उपयोगी पडतो.

सबमिशनचा दिवस

जाण्याआधी कार्यालयातून अर्जाचा सध्याचा नमुना आणि जोडपत्रांची यादी घ्या. ग्रंथालय, वसतिगृह, प्रयोगशाळा यांची ना-देय प्रमाणपत्रं लागतात, आणि एखादं न परतवलेलं पुस्तकही सही रोखून धरतं. किती प्रती, बांधणी कशी, कण्यावर काय छापायचं, हे विद्यापीठागणिक बदलतं. त्यामुळे सगळ्या प्रती बांधायच्या आधी एक कच्ची प्रत दाखवून घ्या. प्रबंध दिल्यावर तारीख आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढच्या सगळ्या मुदती त्या तारखेपासून मोजल्या जातात.

परीक्षक, अहवाल, व्हायव्हा

प्रबंध तुमच्या गाईडखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. शक्य असेल तिथे त्यातला एक भारताबाहेरचा असावा, असं २०२२ची नियमावली सांगते. दोन्ही अहवाल अनुकूल आले आणि सुचवलेल्या सुधारणा झाल्या की व्हायव्हा लागते. एका परीक्षकाने प्रबंध नाकारला तर तो तिसऱ्या, पर्यायी परीक्षकाकडे जातो. त्याने स्वीकारला तरच व्हायव्हा होते, नाहीतर प्रबंध नामंजूर.

सबमिशनपासून व्हायव्हाच्या निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया विद्यापीठाने सहा महिन्यांत संपवायची असते. तीन महिने झाले आणि काहीच कळलं नाही, तर गाईडना विचारून पीएच.डी. विभागाकडे लेखी विचारणा करा. विचारणा नम्र असावी, त्यात नोंदणी क्रमांक आणि सबमिशनची तारीख असावी, आणि आवक क्रमांक घ्यावा. परीक्षकांशी स्वतः संपर्क साधायच्या फंदात मात्र पडू नका. त्यांची नावं गोपनीय असतात, आणि संपर्क झाल्याचं उघड झालं तर सगळी प्रक्रियाच अडचणीत येते.

व्हायव्हाला गाईड आणि बाह्य परीक्षकांपैकी किमान एक जण असतो, आणि ती ऑनलाईनही घेता येते. व्हायव्हाआधी अहवालांतले आक्षेप तुम्हाला कळवले जातात. प्रत्येक आक्षेपाचं उत्तर पान क्रमांकासह कागदावर तयार ठेवा. काही आक्षेप तुम्हाला पटणार नाहीत. तिथे अभ्यासाची मर्यादा आपण कुठे आणि का आखली, ते शांतपणे सांगा. आपल्या प्रबंधाची सर्वांत जास्त माहिती त्या खोलीत तुम्हालाच असते.

व्हायव्हानंतर

टाळ्या होतात, पेढे वाटले जातात आणि पुष्कळ जण इथेच ढिले पडतात. सुचवलेल्या दुरुस्त्या लगेच करा, अंतिम प्रत आणि सॉफ्ट कॉपी द्या. ही प्रत शोधगंगा चालवणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राकडे जाते आणि शोधगंगेवर सगळ्यांना वाचायला मिळते. पदवी देण्याआधी विद्यापीठाने ती तिथे ठेवणं बंधनकारक आहे. त्यासाठी मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका आणि प्रत्येक प्रकरण यांच्या वेगवेगळ्या पीडीएफ लागतात. त्या आधीच करून ठेवल्या असतील तर हे एका दिवसाचं काम.

मग विद्यापीठ नोटिफिकेशन काढतं. त्यावरचं नाव, विषय, विद्याशाखा आणि तारीख अक्षर न् अक्षर वाचा, कारण नोकरीच्या अर्जात हीच तारीख मागतात. त्यासोबत तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र घ्या. पदवी आयोगाच्या कोणत्या नियमावलीनुसार दिली, हे त्यात नमूद असलं पाहिजे. मुलाखतीच्या छाननीत हा उल्लेख नेमका तपासला जातो, आणि ऐन वेळी तो मिळवणं अवघड जातं.

पदवीप्रदान समारंभासाठी बहुतेक ठिकाणी वेगळा अर्ज आणि शुल्क भरावं लागतं. व्हायव्हा झाली म्हणून पदवी आपोआप छापली जात नाही. समारंभाला जाणं जमत नसेल तर अनुपस्थितीत पदवी घेण्याचा पर्याय अर्जात निवडा. पदवी मिळाल्यावर डिजिलॉकरवर तिची नोंद झाली आहे का, ते पाहा. नसेल तर परीक्षा विभागाला नोटिफिकेशनची प्रत जोडून लिहा.