लचकणाऱ्या जमिनीवर फरशी बसवण्याआधी

गच्चीवर किंवा मागच्या अंगणात लोखंडी चौकटीवर खोली वाढवली, वर सिमेंट बोर्ड किंवा प्लाय ठोकला, की घरच्यांना फरशीची घाई होते. पण अशी जमीन स्लॅबसारखी निश्चल नसते, पावलागणिक ती किंचित वाकते. टाइल वाकत नाही. म्हणून सहा महिन्यांत आधी ग्राउटला, म्हणजे टाइलच्या सांध्यांत भरलेल्या मसाल्याला, भेगा जातात आणि मग टाइल पोकळ वाजू लागते. दोष बहुतेकदा टाइलचा नसतो, खालच्या जमिनीचा असतो.

आधी तपासणी. खोलीच्या मधोमध पाण्याने काठोकाठ भरलेलं ताट ठेवा आणि कुणाला तरी शेजारून टाच आपटत चालायला सांगा. पाणी नुसतं थरथरलं तर ठीक, सांडलं तर फरशीचा विषय तूर्त बाजूला ठेवा. सिरॅमिक टाइल्ससाठी पूर्ण भारात जमीन गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, ३६० व्या भागापेक्षा जास्त वाकू नये, असा प्रचलित दंडक आहे. म्हणजे ३ मीटरच्या गाळ्यात सुमारे ८ मिलिमीटर. ग्रॅनाइट, मार्बलसाठी याच्याही निम्मं. हा हिशोब इंजिनिअरकडून करून घ्या, अंदाजाने नको.

लचक काढायची ती चौकटीतूनच. दोन आडव्या पाइपांमधलं अंतर १६ इंचांपेक्षा जास्त असेल तर फॅब्रिकेटरकडून मधे आणखी पाइप घालून घ्या, आणि त्यांच्यामध्ये आडवे तुकडे वेल्ड करा. जुन्या घरातल्या लाकडी तुळयांवर माळा असेल तर वाळवी आणि ओल आधी पाहा. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, तेव्हा हे काम काढूच नये.

आता बोर्ड. खिळे नकोत, ते सैल होऊन कुरकुरतात. स्क्रू मारा, साधारण ८ इंचांवर, कडेला आणखी जवळ. प्लाय असेल तर १८ मिलिमीटरचा, पाण्याला टिकणारा. त्यावर फ्लेक्सिबल अ‍ॅडेसिव्हचा (टाइल चिकटवायच्या लवचिक मालाचा) थर देऊन ८–१० मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड बसवा. वरच्या बोर्डाचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. सांध्यात ३ मिलिमीटर फट ठेवा, ती अ‍ॅडेसिव्हने भरा आणि वर जाळीची पट्टी चिकटवा.

इथे गवंडी हमखास म्हणेल, “दीड इंच माल टाकतो, सगळं पक्कं होईल.” ऐकू नका. रेती-सिमेंटचा ४ सेंटिमीटरचा थर चौरस मीटरला सुमारे ८० किलो भरतो. १० बाय १२ फुटांच्या खोलीत जवळपास ९०० किलो. तेवढा भार लटकत्या चौकटीवर टाकलात तर ती आणखी वाकते आणि मालालाच भेगा पडतात.

त्याऐवजी अ‍ॅडेसिव्ह वापरा. पिशवीवर ‘एस-१’ छापलेलं बघा. तो माल सुकल्यावरही थोडा लवतो. साधं ग्रे सिमेंट इथे चालत नाही. दातेरी थापीने पसरून टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्या, पोकळी राहता कामा नये. टाइल २ बाय २ फुटांपर्यंतचीच घ्या. २ बाय ४ची दिसते झकास, पण अशा जमिनीवर तीच आधी तडकते. मधे ३ मिलिमीटरचे स्पेसर हवेतच. ‘सांधा दिसू नये’ हा हट्ट सोडा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते जुन्या स्लॅबला नवी जमीन जिथे मिळते त्या रेषेकडे. दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलतात. तिथे टाइल आरपार नेऊ नका; रेषेवरच फरशी थांबवा, फट सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने भरा, वर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. भिंतीलगतही ६–८ मिलिमीटर जागा सोडा, स्कर्टिंगखाली ती झाकली जाते.

बाथरूम असेल तर टाइलआधी वॉटरप्रूफिंग, आणि कोपऱ्यांत ग्राउट नको, सिलिकॉनच. एरवी ग्राउट दुसऱ्या दिवशी भरा, तोवर खोलीला कुलूप. पाहुण्यांना बाहेरूनच दाखवा.