पॉलिमर बदलण्याआधी: जीन वाहून नेणारे नॅनोकण बनवताना या चुका टाळा

नवा पॉलिमर बनवला, डीएनएशी मिसळला, पेशींवर टाकला आणि ट्रान्सफेक्शन, म्हणजे जीन पेशीत शिरून काम करू लागणं, आलंच नाही, की पहिला संशय रेणूवर जातो. मग पुन्हा संश्लेषण, पुन्हा एनएमआर (रेणूची रचना तपासणारी चाचणी) आणि आणखी सहा महिने. माझा अनुभव असा, की बहुतेक वेळा खोट रेणूत नसते. ती हिशेबात असते, मिसळण्यात असते किंवा न लावलेल्या कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठीच्या नमुन्यात असते. उदाहरणाला पॉलिएथिलिनइमाइन, म्हणजे पीईआय घेतो. 1995 साली स्ट्रासबुर्गमधल्या झाँ-पॉल बेर यांच्या गटानं ते जीन पोहोचवायला वापरलं, तेव्हापासून नवा पॉलिमर आला की त्याची तुलना आधी पीईआयशी होते.

सगळ्यात आधी एन/पी, म्हणजे पॉलिमरमधल्या (धन प्रभार घेणाऱ्या) नायट्रोजनचं डीएनएमधल्या (ऋण प्रभाराच्या) फॉस्फेटशी प्रमाण. 1 मायक्रोग्रॅम डीएनएत साधारण 3 नॅनोमोल फॉस्फेट असतात. एन/पी 10 हवं असेल तर 30 नॅनोमोल नायट्रोजन लागेल. पीईआयच्या एका एककाचं वजन 43, म्हणून 1.29 मायक्रोग्रॅम पीईआय घ्यायचं. इथपर्यंत कोणी चुकत नाही. पण सरळ साखळीचं पीईआय बऱ्याचदा हायड्रोक्लोराइड क्षार म्हणून येतं आणि तेव्हा त्याच एककाचं वजन 79.5 होतं. आमची जुनी बाटली संपून नवी आली, लेबलावर ‘हायड्रोक्लोराइड’ स्पष्ट छापलेलं होतं, आणि मी मात्र वहीतला 43 हाच आकडा पुढे वापरत राहिलो. ज्याला मी एन/पी 10 म्हणत होतो, ते प्रत्यक्षात 5.4 होतं. दोन महिने मी पेशींचे पॅसेज (वाढवलेल्या पिढ्या) बदलत होतो, प्लास्मिड (जीन असलेलं गोलाकार डीएनए) नव्यानं काढत होतो. तेव्हापासून प्रत्येक नव्या बाटलीसाठी हिशेब नव्यानं मांडतो. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या बाटलीनं पाणी ओढलेलं असतं, तेव्हा वजनावरही विसंबू नका. तांब्याच्या क्षाराबरोबर येणाऱ्या निळ्या रंगावरून अमाइनचं (पॉलिमरमधल्या नायट्रोजन गटांचं) प्रमाण मोजून घ्या.

दुसरी चूक मिसळण्यातली. पॉलिमर आणि डीएनए एकत्र येताच क्षणात कण बनतात, म्हणून पिपेटचा वेग, कशात काय ओतलं, दोन्हींचं आकारमान, सगळ्याचा परिणाम होतो. ‘थेंबथेंब टाकलं’ एवढं वहीत लिहून भागत नाही. दोन्ही द्रावणं समान आकारमानाची घ्या, एकच क्रम पाळा आणि लगेच व्हॉर्टेक्स यंत्रावर घुसळा. माध्यम तर त्याहून महत्त्वाचं. 5 टक्के ग्लुकोजमध्ये कण लहान राहतात. 150 मिलिमोलर मिठाच्या पाण्यात त्यांच्यावरचा प्रभार झाकला जातो, ते एकमेकांना चिकटतात आणि काही मिनिटांत मायक्रॉनच्या घरात पोहोचतात. ट्यूब खिडकीच्या उजेडात धरा: चांगल्या नमुन्यात हलकी निळसर झाक दिसते, बिघडलेला दुधाळ दिसतो. फसगत पुढेच आहे. हे मोठे गठ्ठे डिशमध्ये तळाला बसतात, थेट पेशींवर पडतात आणि ट्रान्सफेक्शन उलट वाढलेलं दिसतं. उंदराच्या शिरेतून तेच दिले तर फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांत अडकतात. म्हणून आकार मोजायचा तो पेशींवर किंवा प्राण्यात जे माध्यम जाणार आहे त्यात, आणि 30 मिनिटांनी पुन्हा एकदा. डीएलएसचा, म्हणजे प्रकाशाच्या विकिरणावरून आकार मोजणाऱ्या यंत्राचा, सरासरी आकडा एकटा देऊ नका. प्रकाशाचं विकिरण मोठ्या कणांकडून कितीतरी जास्त होतं, त्यामुळे मूठभर गठ्ठेही सरासरी ओढून नेतात. पीडीआय (आकारांतली विविधता सांगणारा आकडा) आणि पूर्ण आलेख सोबत ठेवा.

एन/पी 10 ला सगळा पॉलिमर कणात असतो, हा समजही सोडा. डीएनए पूर्ण बांधायला एन/पी 3 च्या आसपास पुरतं, उरलेला पॉलिमर द्रावणात मोकळा फिरतो. तोच ट्रान्सफेक्शनला मदत करतो आणि तोच पेशींचा पडदा फाडतो. म्हणून नुसत्या मोकळ्या पॉलिमरचा कंट्रोल हवाच. विषारीपणा 24 तासांनी एकदा एमटीटीनं (जिवंत पेशी मोजणाऱ्या चाचणीनं) मोजून थांबू नका, पहिल्या दोन तासांतलं एलडीएचही (फाटलेल्या पेशीतून गळणारं विकर) पाहा. एसआयआरएनए (ठरावीक जीन बंद करणारा आरएनएचा छोटा तुकडा) वापरत असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण मरणाऱ्या पेशीतही जीन ‘बंद’ झाल्यासारखा दिसतो. निरर्थक क्रमाचा एसआयआरएनए त्याच पॉलिमरसोबत, त्याच मात्रेत लावा. आणि प्लास्मिडसाठी बसवलेलं सूत्र एसआयआरएनएला तसंच चालेल असं धरू नका. साधारण 20 जोड्यांचा तो आखूड, ताठ तुकडा प्लास्मिडसारखा गुंडाळला जात नाही.

आता लक्ष्यवेध, म्हणजे कण ठरावीक पेशींकडेच पाठवणं, जिथे सगळ्यात जास्त दावे होतात. धन प्रभाराचा कण पेशीच्या पृष्ठभागावरच्या हेपरान सल्फेटला (ऋण प्रभाराच्या साखर-साखळीला) चिकटतोच, लिगँड (पेशीवरच्या ठरावीक रिसेप्टरला, म्हणजे ग्राहकाला, जोडला जाणारा रेणू) असो वा नसो. त्यामुळे लिगँड लावल्यावर शोषण वाढलं, एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही. मोकळा लिगँड जास्त प्रमाणात घालून शोषण घटतं का? रिसेप्टर नसलेल्या पेशीत फरक नाहीसा होतो का? या दोन प्रयोगांशिवाय मी ‘लक्ष्यित’ हा शब्द लिहायला तयार नसतो. कणावर पेगचा (पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरचा) संरक्षक थर घातला असेल तर लिगँड त्या थरात बुडू नये म्हणून पेगच्या बाहेरच्या टोकाला जोडा. आणि हे सगळं सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) घालून पुन्हा करा. 2013 मध्ये दाखवलं गेलं की ट्रान्सफेरिन हा लिगँड लावलेल्या कणांवर सीरममधली प्रथिनं बसली की रिसेप्टर ओळखण्याची त्यांची क्षमता हरवते.

कण पेशीत शिरला म्हणजे माल पोहोचला, असंही नाही. सूक्ष्मदर्शकात कणांचे चमकणारे ठिपके लायसोसोमच्या (पेशीतल्या आम्लयुक्त, माल पचवणाऱ्या पिशवीच्या) रंगावर बसत असतील तर तो अजून कोंडलेलाच आहे. या पिशव्यांची आम्लता रोखणारं बॅफिलोमायसिन देऊन पाहा: आम्लता रोखल्यावर ट्रान्सफेक्शन घटलं, तर तुमचा पॉलिमर आम्लतेच्या जोरावर बाहेर पडत होता.

प्राण्यांत जाण्याआधी हेपरिनची (हेपरान सल्फेटसारख्याच ऋण प्रभाराच्या रेणूची) चाचणी चुकवू नका. ती का, ते एका उदाहरणावरून कळतं. माणसात दिलेला पहिला लक्ष्यित पॉलिमर एसआयआरएनए कण अमेरिकेतल्या कॅल्टेक संस्थेच्या मार्क डेव्हिस यांच्या गटातून आला होता. सायक्लोडेक्स्ट्रिन या कड्याच्या आकाराच्या साखर-रेणूचा पॉलिमर, वर ट्रान्सफेरिन, आकार 70 नॅनोमीटरच्या आसपास. 2010 मध्ये रुग्णांच्या गाठींत त्यानं काम केल्याचा पुरावा मिळाला. दोन वर्षांनी उंदरांतल्या कामात दिसलं, की असे कण मूत्रपिंडाच्या गाळणीच्या पडद्यावर सुटे होतात. तिथल्या हेपरान सल्फेटचा ऋण प्रभार पॉलिमर ओढून घेतो आणि एसआयआरएनए लघवीत निघून जातो. डिशमध्ये हे कधीच दिसलं नसतं. जेलवर मात्र वाढत्या मात्रेत हेपरिन घातलं, की कण कुठल्या मात्रेला सुटतो ते एका दुपारी कळतं.