राष्ट्राला एकच भाषा लागते का? नववीच्या वर्गात हा प्रश्न असा घ्या

मी सोलापुरात इतिहास शिकवते. घरी मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारी मुलं माझ्या वर्गात एकाच बाकावर बसतात. तरी 'राष्ट्र कशामुळे होतं?' असं विचारलं की हमखास उत्तर येतं, "एक भाषा, एक धर्म, एक संस्कृती." हे उत्तर खोडायची घाई करू नका. फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि तास संपेपर्यंत तसंच राहू द्या.

मग दहाची नोट बाहेर काढायला लावा, दोघांत एक पुरते. मागच्या बाजूला भाषांची उभी पट्टी आहे, तिच्यात 15 ओळी. पुढची हिंदी आणि इंग्रजी धरून 17 भाषा. "मराठी शोधा" म्हणा. देवनागरीत चार ओळी आहेत: कोकणी, मराठी, नेपाळी, संस्कृत. कोकणी वर असल्यामुळे बरीच मुलं आधी तिच्यावरच बोट ठेवतात. आपली ओळ आठवी, बरोबर मधली. यंदा एक मुलगी चौदाव्या ओळीवर थांबली. तिला तेलुगू लिपी वाचता येत नाही, पण हळूच म्हणाली, "बाई, आमची आजी म्हणते, पदी रूपायलु." वर्ग शांत झाला. अशा वेळी मध्ये बोलू नका.

आता पाकिस्तानकडे वळा. इथे वेळ द्या, कारण सगळा प्रश्न इथेच उलगडतो. 1947 साली धर्माच्या पायावर देश उभा राहिला. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांची भाषा बंगाली होती. मार्च 1948 मध्ये जीनांनी ढाक्यात जाहीर केलं की राज्यभाषा उर्दूच राहील. 21 फेब्रुवारी 1952 ला बंगालीसाठी रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. 1956 च्या राज्यघटनेत बंगालीला जागा मिळाली, पण सत्ता आणि पैसा पश्चिमेकडेच राहिला. 1971 मध्ये बांगलादेश वेगळा झाला. मुलांना विचारा, देश वेगवेगळ्या भाषांमुळे फुटला, की एका भाषेच्या लोकांना कमी लेखल्यामुळे? माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे आणि ते मी लपवत नाही, पण आधी मुलांना बोलू देते.

कुणीतरी विचारेलच, "पण एकच भाषा असती तर सोपं गेलं नसतं?" प्रामाणिकपणे सांगा, कारभार सोपा होतो, हे खरं. मग सोमालिया सांगा. बहुतेकांची भाषा एक, धर्म एक, तरी 1991 मध्ये तिथलं सरकार कोसळलं आणि देश यादवीत सापडला. शेजारी स्वित्झर्लंड लिहा, चार राष्ट्रीय भाषा आणि 1848 पासून टिकलेलं संघराज्य. यावर दोन मिनिटं पुरेत.

शेवटची दहा मिनिटं आपल्या गावासाठी राखून ठेवा. 12 जानेवारी 1931 ला येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरचे चौघं फासावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. नावं एकेक करून सावकाश फळ्यावर लिहा, त्या कोपऱ्यातल्या उत्तराच्या अगदी खाली. काही समजावून सांगू नका. आडनावं वाचताना मुलं आपोआप वरच्या ओळीकडे बघतात.

तुम्ही दुसऱ्या गावात शिकवत असाल तर तालुक्यात हुतात्मा स्मारक आहे का बघा. तासाआधी एकदा स्वतः जाऊन पाटीवरची नावं वहीत उतरवून आणा.