टॉरवर स्वतःची वेबसाइट चालवताना या चुका टाळा

टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कवरील वेबसाइट, म्हणजे ओनियन सेवा, सर्व्हरचा आयपी पत्ता लपवते. परंतु वेबसर्व्हर स्वतःहून जे सांगून टाकतो ते टॉरला अडवता येत नाही, आणि बहुतेक घातक चुका नेमक्या इथेच होतात.

पहिली चूक म्हणजे एनजिनएक्स किंवा अपाची यांसारखा वेबसर्व्हर ०.०.०.० वर, म्हणजे यंत्राच्या सर्व नेटवर्क जोडण्यांवर, चालू ठेवणे. मग तीच साइट सार्वजनिक आयपीवरूनही उघडते आणि इंटरनेटवरील सर्व्हरांची नोंद ठेवणाऱ्या शोदानसारख्या सेवांच्या नोंदींशी मजकूर ताडून सर्व्हर हुडकता येतो. वेबसर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच यंत्रापुरत्या पत्त्यावर, किंवा, त्याहून उत्तम, युनिक्स सॉकेटवर (नेटवर्कविना त्याच यंत्रातील प्रोग्राम जोडणाऱ्या दुव्यावर) ठेवावा.

याहून कमी लक्षात येणारी बाब अशी की, टॉरमार्फत आलेला प्रत्येक वाचक वेबसर्व्हरला त्याच यंत्रावरचा वाटतो. डेबियन या लिनक्स प्रणालीवर अपाचीचे सर्व्हर-स्टेटस (सर्व्हरची सद्यस्थिती दाखवणारे) पान मूळ मांडणीतच स्थानिक वापरासाठी खुले असते. त्यामुळे ते ओनियन पत्त्यावरून कोणालाही दिसू शकते, आणि त्याच अपाचीवर तुमची टॉरबाहेरची उघड साइटही असेल, तर तिचे नावही त्यात झळकते. हे पान दाखवणारे अपाचीचे मॉड्यूल बंदच करावे आणि उघड साइट दुसऱ्या यंत्रावर ठेवावी. याच कारणाने आयपीवर आधारलेली बंदीही इथे निरुपयोगी ठरते, कारण एकाला अडवले की सगळेच अडतात.

वर्डप्रेससारखी प्रणाली अपडेट, पिंगबॅक (दुसऱ्या साइटला दुवा दिल्याची सूचना) आणि ईमेलसाठी टॉरविना थेट बाहेर संपर्क साधते आणि त्यातून खरा आयपी उघड होऊ शकतो, म्हणून टॉर वगळता बाहेर जाणाऱ्या सर्व जोडण्या फायरवॉलने रोखाव्यात.

टॉर सुरूच होत नसेल, तर सेवेच्या फोल्डरची परवानगी ७०० (फक्त मालकापुरती) आहे का आणि डेबियनवर त्याची मालकी डेबियन-टॉर या वापरकर्त्याकडे आहे का, हे आधी पाहावे. टॉर चालू असूनही साइट उघडत नसेल, तर यंत्राचे घड्याळ तपासावे. राउटरवर पोर्ट उघडण्याची गरज मुळीच नसते, कारण टॉर स्वतःच बाहेरच्या दिशेने जोडणी करतो. जुना १६ अक्षरी पत्ता मात्र दुरुस्त होणार नाही. ते पत्ते २०२१ मध्ये बंद झाले असून आताचा पत्ता ५६ अक्षरी असतो.

सेवेच्या फोल्डरमधील गुप्त किल्लीची कूटबद्ध प्रत दुसरीकडे अवश्य ठेवावी. ती हरवली तर पत्ता कायमचा जातो, आणि चोरीला गेली तर तो पत्ता रद्द करून देणारी कोणतीही संस्था नाही. तेव्हा नवा पत्ता घेऊन तो वाचकांना विश्वासाच्या मार्गाने कळवावा लागतो.