"ॲक्सेस शिकू का?" असं विचारणाऱ्यांसाठी

डिप्लोमा संपवून कोणी नवीन आलं, की आमची चलनांची फाइल बघून पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ताई, हे अजून वापरता?" वापरतो. भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये टर्निंग होतं. हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगला माल बाहेर जातो. किती गेला, किती आला, किती रिजेक्ट झाला, सगळा हिशेब मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये. मालाबरोबर जाणाऱ्या चलनाला स्टोअरचे काका अजून जुन्या नियमाच्या नंबराने '५७ एफ ४'च म्हणतात. एक्साइजचा तो नियम कधीच गेला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, पण नाव काही जात नाही.

मी रुजू झाले तेव्हा पहिलं काम मिळालं पेंडिंग यादीचं. जॉबवर्कला, म्हणजे असं बाहेरून काम करून घ्यायला पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर जीएसटीत तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात. त्यामुळे या यादीवर साहेबांचं बारीक लक्ष. मी आउटवर्ड आणि इनवर्ड ही दोन टेबलं घेतली, चलन नंबरवरून रेघ जोडली, पाठवलेल्यातून आलेल्याची बेरीज वजा केली. यादी झकास दिसत होती. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून ती वाचली आणि विचारलं, "प्लेटिंगवाल्याकडच्या पाचशे पिना कुठायत?"

यादीत नव्हत्याच. त्यातली एकही परत आली नव्हती, म्हणजे इनवर्डमध्ये त्या चलनाची ओळच नाही. आणि साधा जॉइन, म्हणजे ती रेघ, दोन्हीकडे असलेल्याच ओळी घेतो. ज्यांचं सगळंच थकलंय नेमके तेच गायब! त्या रेघेवर डबल क्लिक करून आउटवर्डच्या सगळ्या ओळी घ्या, असा पर्याय निवडला. पिना आल्या, पण शिल्लक कोरी. जिथे काहीच भरलेलं नाही त्याला नल म्हणतात, आणि पाचशे वजा नल म्हणजे नलच. मग एनझेड फंक्शन लावून नलचा शून्य केला, तेव्हा कुठे पाचशे दिसले. सगळ्या ओळी घेणारा हाच लेफ्ट जॉइन परीक्षेत लिहून मी मार्कही मिळवले होते, तरी इथे चुकले.

आता भवितव्याचं. ॲक्सेस १९९२ च्या नोव्हेंबरात आलं, आणि तेव्हापासून दर थोड्या वर्षांनी कोणीतरी ते बंद पडणार असं सांगतं. लोकांच्या डोक्यात फॉक्सप्रो हा मायक्रोसॉफ्टचाच दुसरा डेटाबेस असतो. त्याची शेवटची आवृत्ती २००४ ची, पुढची काढणार नाही हे २००७ मध्ये जाहीर झालं आणि २०१५ च्या जानेवारीत सपोर्टही संपला. ॲक्सेसचं तसं झालेलं नाही. बंद झाली ती ब्राउझरमध्ये चालणारी ॲक्सेस वेब ॲप्स, २०१८ मध्ये. डेस्कटॉपवालं ऑफिसबरोबर अजून येतं. २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यावरूनही बरीच घबराट झाली. आवृत्ती संपली, प्रोग्राम नाही.

मात्र त्याची कुंपणं पक्की आहेत. फक्त विंडोजवर चालतं, आणि फाइल २ जीबीच्या पुढे जात नाही. आमची पावणेदोनवर पोचली होती, कारण कोणीतरी प्रत्येक पार्टच्या ड्रॉइंगचा फोटो टेबलातच चिकटवला होता. फोटो फोल्डरमध्ये काढले, टेबलात नुसता पत्ता ठेवला आणि कॉम्पॅक्ट केल्यावर फाइल शंभर एमबीच्या आत आली. ही फाइल वायफायवरून उघडून काम करू नये, हा धडा मात्र माझ्याच हौसेने मिळाला. काकांना बसल्या जागी बरं पडेल म्हणून लॅपटॉप दिला. ते तो घेऊन थेट टेम्पोपर्यंत गेले, रेंज तुटली आणि फाइल उघडेना. आदल्या रात्रीच्या बॅकअपवर दिवसभराची चलनं आम्ही दोघांनी पुन्हा भरली. काका काही बोलले नाहीत, चहा तेवढा माझ्या नावावर मागवला.

म्हणून विचाराल तर : हिंजवडीत आयटीच्या मुलाखतीला ॲक्सेस येतं म्हणून सांगू नका, एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, येते म्हणा. पण एसक्यूएल शिकायला ॲक्सेससारखी जागा मला दुसरी दिसत नाही. रेघा डोळ्यांसमोर असतात आणि चूक लगेच कोणाच्या तरी चलनावर येते. भोसरी-चाकणच्या शेडमध्ये नोकरी लागली, तर जुनी फाइल पहिल्याच महिन्यात उडवून नवं काही बांधायला जाऊ नका. आधी टेबलं आणि फॉर्म (माहिती भरायचे पडदे) वेगळे करा, टेबलांची फाइल सर्व्हरवर ठेवा, फॉर्मची प्रत प्रत्येकाच्या मशीनवर. गरज पडली तर मग टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्याच मोठ्या डेटाबेसच्या छोट्या आवृत्तीत हलवा. ती फुकट आहे, आणि फॉर्म तेच राहतात.

आम्ही ते केलं. क्वेऱ्या, म्हणजे टेबलांना विचारलेले प्रश्न, थेट सर्व्हरवर चालवायच्या ठरवल्यावर मात्र बारीकसारीक नडतं. तिथे एनझेड नाही, शोधताना चांदणीऐवजी टक्क्याचं चिन्ह लागतं, आणि चौकटीतली 'हो'ची टिक ॲक्सेसमध्ये उणे एक म्हणून साठते, तर सर्व्हरवर एक. माझी 'बंद चलनं' ही क्वेरी उणे एकच शोधत बसली आणि रिपोर्ट कोरा करकरीत निघाला. आता मी 'शून्य नाही ते' असं लिहिते. काकांनी तो कोरा कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे एवढ्या वर्षांत आपण एकही चलन बंद केलं नाही होय?"