जुना गेम जपायचाय? मग नुसती डिस्क ठेवून भागणार नाही

पुस्तक कपाटात ठेवलं आणि शंभर वर्षांनी उघडलं तरी वाचता येतं, फिल्मची रीळ उजेडासमोर धरली तर चित्र नुसत्या डोळ्यांना दिसतं, पण गेमचं तसं नाही ना, तो चालवावा लागतो, डिस्क शाबूत असली तरी कन्सोल बंद पडला की खेळ संपला. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली तेव्हा २०१० च्या आधी अमेरिकेत आलेल्या गेम्सपैकी तब्बल ८७ टक्के बाजारात मिळतच नव्हते. म्हणून म्हणतो, घरात जे आहे ते आपणच वाचवायचं.

सगळ्यात आधी कार्ट्रिज, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायच्या गेमच्या प्लास्टिकच्या डब्या, बाहेर काढा, कारण तिथं उशीर परवडत नाही. बऱ्याच जुन्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह, म्हणजे गेम कुठवर खेळलाय त्याची नोंद, टिकवायला बटणासारखी चपटी बॅटरी असते, ती संपली की सेव्ह गेलं. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये तर त्याच बॅटरीवर गेममधलं घड्याळही चालतं, म्हणून ती आणखी लवकर संपते. आणि घाईघाईत बॅटरी बदलायला जाऊ नका प्लीज, ती काढली की सेव्ह पुसलं जातं, आधी कार्ट्रिज रीडरने सेव्ह कम्प्युटरवर घ्या आणि मगच सोल्डरिंगला हात घाला. गेम एकवेळ दुसरीकडून मिळेल, पण भावंडांनी मिळून सुट्टीभर खेळलेलं सेव्ह जगात एकच असतं.

सीडीवाल्या गेमची कॉपी काढताना लोक सरळ आयएसओ (डिस्कवरच्या डेटाची एकच फाइल) बनवतात आणि तिथंच चुकतं. ९० च्या दशकातल्या कित्येक गेमचं म्युझिक सीडीवर वेगळ्या ऑडिओ ट्रॅकमध्ये असायचं, ते आयएसओमध्ये येतच नाही, त्यामुळे गेम सुरू होतो पण म्युझिक गायब. त्याऐवजी बिन (सगळ्या ट्रॅकचा डेटा) आणि क्यू (कुठला ट्रॅक कुठं सुरू होतो त्याची यादी) अशी फाइलची जोडी काढा. मग चेकसम, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून निघणारा तिचा ओळख-आकडा, काढून रीडम्प या डिस्कच्या ऑनलाइन यादीशी जुळवून बघा, कार्ट्रिज असेल तर नो-इन्ट्रोची तशीच यादी, जुळला म्हणजे कॉपी बिनचूक. गाण्यात एखादा बिट इकडचा तिकडे झाला तर कानाला कळतही नाही, गेम मात्र तेवढ्यानेही मध्येच हँग होऊ शकतो.

पॅच, म्हणजे कंपनी नंतर इंटरनेटवरून देते त्या दुरुस्त्या आणि भर, तेसुद्धा उतरवून ठेवा, नवीन गेमच्या डिस्कवर बऱ्याचदा अर्धाच गेम असतो. पीसीवर जीओजीसारख्या गेम विकणाऱ्या साइटवर ऑफलाइन इन्स्टॉलर (इंटरनेटशिवाय गेम बसवता येणारी फाइल) मिळतो, तो घ्याच. सगळ्याच्या दोन कॉप्या करा, एक घराबाहेर, आणि वर्षातून एकदा चेकसम परत तपासा.

ऑनलाइन गेमचं दुखणं वेगळंच आहे. द क्रू हा २०१४ चा गेम, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाला आणि विकत घेतलेल्या डिस्कवर एकट्याने खेळायचं मिशनही चालेना. असल्या गेमचं आपल्या हातात एवढंच आहे की सर्व्हर चालू असतानाच भरपूर रेकॉर्डिंग करायचं, नुसत्या बॉस फाइट नकोत, मेनू, नकाशे, रिकामे रस्ते, लोक एकमेकांशी काय बोलत होते तेही घ्या, कारण पुढे जाऊन कुणी विचारलं की हा गेम कसा होता तर दाखवायला तेवढंच उरणार.

आणि हो, मॅन्युअल पण स्कॅन करा, काही जुने गेम सुरुवातीलाच मॅन्युअलच्या अमुक पानावरचा शब्द विचारतात आणि तो टाकल्याशिवाय पुढे जाऊच देत नाहीत.