हॉप वाढले की नेट का मरतं? मेश लावताना या चुका टाळा

दर पंधरा दिवसांनी कोणाचा तरी फोन येते, "भाऊ, सिग्नल फुल आहे पण नेट चालून नाही राहिलं." फुल म्हणजे फोनवरचे बार फुल. अरे पण ते बार फक्त फोन आणि जवळच्या डब्यापुरते, म्हणजे वायफाय राउटरपुरते, असतात नं. त्या डब्यापासून गेटवेपर्यंत (जिथून नेट येते तो डबा) मेशचे, म्हणजे एकमेकांना वायफायने जोडलेले, अजून तीन डबे आहेत, डब्यावरून डब्यावर प्रत्येक उडी म्हणजे एक हॉप, आणि खरी बोंब तिथं आहे, ती फोनवर कशी दिसणार?

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे "अजून एक लावून देऊ". हिंगणा एमआयडीसीकडे एक गोडाऊन आहे, एका रांगेत शेड, नेट गेटजवळच्या ऑफिसात आणि कॅमेरे पार शेवटच्या शेडवर. लावणाऱ्या पोराने पाच डबे लावले, सगळे सिंगल रेडिओवाले, सगळे ६ नंबर चॅनेलवर. का, तर "वेगळे चॅनेल ठेवले तर ते एकमेकाले दिसतच नाही सर". बरोबर आहे बाप्पा, एकच रेडिओ असल्यावर नाहीच दिसणार, पण मग भोगा.

कारण वायफाय एका वेळी बोलते किंवा ऐकते, दोन्ही नाही. पहिला डबा दुसऱ्याशी बोलत असताना दुसरा तिसऱ्याला काही देऊ शकत नाही, आणि चौथ्याचा आवाज दुसऱ्याला कळण्याइतका नसला तरी कानात गोंगाट करायला पुरेसा असते. म्हणजे पाच डबे असले तरी हवा एकच, पाळीपाळीने वापरायची. २००१ मध्ये एमआयटीच्या लोकांनी हे मोजून ठेवलं आहे: लांब साखळीत आदर्श हिशोबाने एका लिंकच्या क्षमतेचा १/४ हाती लागायला पाहिजे, आणि ८०२.११ च्या (वायफायचे नियम) भांडणात तो १/७ च्या आसपास येते. हे काही नवीन नाही, पण डबा विकणाऱ्याच्या खोक्यावर हे कोण छापणार.

मी गेलो तेव्हा एक एक हॉप आयपर्फ नावाच्या वेग मोजणाऱ्या टूलने मोजला. पहिल्यावर ४२ एमबीपीएस, दुसऱ्यावर २०, तिसऱ्यावर ११, शेवटी ३ आणि तेही मधेच शून्य. कॅमेरे आठ, प्रत्येकी २ एमबीपीएस, म्हणजे १६ पाहिजे. आणि माझ्या आधी त्या पोराने उपाय काय केला होता तर मधे सहावा डबा! मालक म्हणे त्याच्यानंतर जास्तच अडकते. अडकणारच नं.

मी चार डबे काढून त्या पोराच्याच बॅगेत टाकले. ऑफिस ते पहिली शेड सत्तरेक मीटर होतं, तिथे सरळ केबल ओढली, १०० मीटरपर्यंत लॅन केबल चालते तर हवेच्या मागे कशाला लागायचं. पुढे पाच गिगाहर्ट्झवर दोनच उड्या, आणि मधल्या शेडवर दोन सीपीई (लांबच्या लिंकसाठीचे डबे) पाठीला पाठ लावून मधे हातभर केबल, एक ३६ चॅनेलवर ऐकते, दुसरा १४९ वर बोलते, दोघं एकमेकांच्या आड येत नाही. मोबाईलवाल्यांसाठी २.४ गिगाहर्ट्झ वेगळं. शेवटच्या शेडवर ६० च्या वर मिळालं. मालकाने विचारलं, इतके कमी डबे लावून बिल इतकं कसं? काय सांगणार.

आता याचा उलटा अर्थ काढू नका, की हॉप कमी म्हणजे नेहमीच चांगलं. काही राउटिंग (डेटाचा रस्ता ठरवणारं सॉफ्टवेअर) फक्त हॉप मोजते आणि मग ती लांबची मरतुकडी लिंक पकडून बसते. एखाद्या लिंकवर जाताना-येताना अर्धे अर्धे पॅकेट (डेटाचे तुकडे) पोचत असतील तर एक पॅकेट नीट पोचवायला सरासरी ४ वेळा पाठवावं लागते. त्यापेक्षा दोन चांगल्या उड्या बऱ्या, तिथं दोनदाच. ईटीएक्स नावाचं माप हेच मोजते. मी तर राउटिंगच्या भरवशावर राहतच नाही, कमजोर लिंक सरळ ब्लॉक करतो. आळशीपणा आहे, पण रात्री फोन येत नाही.

दुसरी माझी आवडती चूक, टीसीपी (डेटा नीट पोचला की नाही बघणारा नियम) समजून न घेता बफर (पॅकेट रांगेत थांबायची जागा) वाढवणं. टीसीपीचा जन्मापासूनचा समज असा की पॅकेट हरवलं म्हणजे पुढे गर्दी आहे, म्हणून वेग कमी करा. लिनक्समधली टीसीपीची क्युबिक पद्धत एक पॅकेट गेलं की विंडो (पोचपावतीची वाट न पाहता एकदम पाठवायचा डेटा) ३० टक्के कापते. आता हवेत पॅकेट गर्दीशिवायही मरते. वायफाय ते पुन्हा पुन्हा पाठवून झाकते, म्हणून पिंगमध्ये (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ती टेस्ट) लॉस शून्य दिसते आणि वेळ मात्र ५ मिलिसेकंदावरून ४०० वर उडते. त्यात टीसीपीच्या पोचपावत्याही उलट्या दिशेने त्याच हवेतून येतात, त्याही आपल्याच डेटाशी भांडतात. अशात कोणीतरी व्हिडिओ पाहून विंडो आणि बफर मोठे करते, मग मधल्या डब्यात रांग साचते आणि सगळं अजून सुस्त. २००३ च्या एका शोधनिबंधात तर सरळ साखळीसाठी चांगली विंडो हॉपच्या संख्येच्या १/४ निघाली होती. म्हणजे आठ हॉपला दोन पॅकेट! आणि आपण लाखभर बाइटच्या गोष्टी करून राहिलो.

माझी सवय: आधी शेवटपर्यंतचा खरा टीसीपी वेग भर गर्दीच्या वेळी मोजायचा, मग गेटवेवर त्याच्या ८५ टक्क्यांवर मर्यादा घालून एफक्यू-कोडेल किंवा केक (पॅकेटची रांग लांबू न देणारी सेटिंग) चालू करायचं. स्पीडटेस्टचा आकडा थोडा पडते, लोक कुरकुर करतात, करू द्या. व्हिडिओ कॉल तुटत नाही.

डब्याची पॉवर फुल करणारे तर वेगळेच. डबा ओरडते, मोबाईलला तेवढं ओरडता येत नाही. शिवाय ओरडणं दूरच्या शेडपर्यंत जाते आणि तिथल्यांनाही गप्प बसवते. आधी कमी करून पाहा. दोन टोकांचे डबे एकमेकांना ऐकू न येता मधल्यावर एकदम बोलत असतील आणि रीट्राय खूप दिसत असतील तरच आरटीएस (बोलण्याआधी परवानगी मागणं) लावा, उगाच सगळीकडे नाही.

२.४ वर चॅनेल ४० मेगाहर्ट्झ रुंद ठेवू नका. १, ६, ११ सोडून "मधलं रिकामं" म्हणून ३ नंबर घेऊ नका, दोन्हीकडचा मार खाल. पाच गिगाहर्ट्झचे ५२ ते १४४ मधले चॅनेल रडार दिसलं की सोडावेच लागतात, तेव्हा बॅकहॉल (डब्या-डब्यातली लिंक) तिथे ठेवून मग "आपोआप तुटते" म्हणून रडू नका. बॅटमन नावाचं मेश सॉफ्टवेअर वापरत असाल तर खालच्या इंटरफेसचा एमटीयू (पॅकेटची कमाल साईझ) १५३२ करा, नाहीतर पिंग चालेल आणि मोठी पॅकेटं तुकडे होऊन जातील.

आणि एक आपल्या नागपूरची खास. मनीष नगरात एका घरी फेब्रुवारीत खिडकीजवळ डबा लावला, टेस्ट झकास. एप्रिलमध्ये फोन, दुसऱ्या हॉपवर काहीच नाही. फर्मवेअर बदललं, चॅनेल बदललं, दोन चकरा झाल्या. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा डोळे उघडले, त्याच खिडकीत लोखंडी पत्र्याचा कूलर, पाण्याने गच्च भरलेला. पत्रा आणि पाणी, दोन्ही मधे. काकू कूलर हलवू देणार नव्हत्या आणि ४५ डिग्रीत मीही हलवा म्हटलं नसतं, डबा वर सज्जावर नेला.